सातव्या मजल्याची पट्टी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्रेसष्ट, व्यवसाय गाणे, हे मृत्युपत्र राहत्या घरी जेवणाच्या टेबलापाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ती फार कधीच नव्हती, पण जी होती ती जागेवर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पत्नी आतल्या खोलीत इस्त्री करत आहे आणि तिने एकदाही डोकावलेले नाही. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. माझे पूर्ण नाव वकीलबाईंनी पहिल्या पानावर टाइप केले आहे. ज्यांना ते वाचून ओळख पटणार नाही त्यांच्यासाठी सांगतो की मी भोंगा.

हे नाव बाटल्यांच्या कारखान्यात पडले. मी एकोणीस वर्षांचा होतो. एकदा पाळी सुटण्याचा भोंगा बिघडला, तेव्हा मुकादमाने मला जिन्यावर उभे करून ओरडायला लावले आणि पलीकडच्या दोन कारखान्यांतले लोकही डबे उचलून घरी गेले. त्या आठवड्यात नोकरी गेली आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात बँड झाला. बँड चौघांचा: मी गायला, ड्रमवर माझा मेहुणा (तेव्हा तो मेहुणा नव्हता), बेस गिटारवर एक भला माणूस, जो सहा वर्षांपूर्वी वारला, आणि गिटारवर काट्या.

येत्या गुरुवारी माझे स्वरयंत्र काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन मोठे आहे, पण माणसे त्यातून उठतात. उठलो तर बोलणे यंत्राने, आणि गाणे नाहीच. उठलो नाही तर पुढील कलमे लागू व्हावीत. आज शनिवार आहे.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरची तीन खोल्यांची ही सदनिका माझ्या पत्नीला मिळावी. तिच्यानंतर मुलीला. गॅलरीचे दार लावताना खालून थोडे उचलावे लागते, ते दोघींनाही माझ्यापेक्षा चांगले जमते.

कलम २. बँकेत जे असेल ते आणि गाण्यांचे जे काही येत राहील ते दोघींत सारखे वाटावे. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. स्टेजवर घालायचे काळे चामडी जाकीट मेहुण्याला द्यावे. तीस वर्षे त्याचा त्याच्यावर डोळा आहे. ते त्याला होणार नाही, हे त्यालाही माहीत आहे. चमकीची विजार कोणालाही देऊ नये, कोणाला दाखवूही नये.

कलम ४. टायरच्या दुकानावरची सरावाची खोली भाड्याची आहे, तेव्हा ती मी देऊ शकत नाही. किल्ली मेहुण्याकडे आहेच, तो अजून तिथे ड्रम वाजवतो. मेहुणा प्रत्येक गाण्याआधी काठ्या वाजवून एक-दोन-तीन-चार मोजतो आणि चार येईपर्यंत त्याची गाडी सुटलेली असते. या कारणावरून मी त्याच्याशी एकूण चार वेळा बोलणे सोडले होते. ते सर्व या कलमाने मिटले असे समजावे.

कलम ५. माझा मायक्रोफोन, डाव्या अंगाला पोचा असलेला, साउंडवाल्या मामांना द्यावा. मामा म्हणजे आमच्या पहिल्या कार्यक्रमापासून शेवटच्या कार्यक्रमापर्यंत हॉलच्या मागच्या टोकाला मिक्सरपाशी बसलेला माणूस. ते कोणाचेच मामा नाहीत.

कलम ६. न्हाणीघरात चौकटीत लावलेले वर्तमानपत्राचे कात्रण उतरवून जाळावे. त्यात एका टीकाकाराने लिहिले होते, "हा गात नाही, तक्रार करतो." बावीस वर्षे मी दात घासताना त्याला शिव्या दिल्या. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात शिव्या चालत नाहीत. म्हणून एवढेच लिहितो की त्या वर्षापुरते त्याचे बरोबर होते.

कलम ७. मी गेल्यावर कोणीही भाषण करू नये, विशेषतः मेहुण्याने. "लिफ्ट बंद आहे" हे गाणे वाजवू नये.

या गाण्याविषयी सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. ते आमचे एकच गाणे जे लोकांना पूर्ण पाठ आहे. त्यात एक माणूस बंद लिफ्टच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला भेटायला जिना चढतो. प्रत्येक मजल्याला आवाज एकेक पायरी वर जातो आणि सातव्याला पोहोचतो तेव्हा ती किंकाळीच असते. लोक त्या सातव्यासाठी तिकीट काढत. सहाव्याला हॉल उभा राहायचा. मी तो सूर कधी चुकवला नाही, असे मी सत्तावीस वर्षे सर्वांना सांगत आलो.

कलम ८. कार्यक्रमांच्या टेपा, एकूण तीन खोकी, मुलीला द्याव्यात. ती शाळेत संगीत शिकवते आणि या टेपा तिने गेल्या मे महिन्यात ऐकायलाही घेतल्या आहेत. त्या ऐकताना जे झाले ते इथे नोंदवतो.

रविवारी सकाळी ती याच टेबलावर आपला छोटा कीबोर्ड आणि टेप घेऊन बसली होती. "लिफ्ट"ची एक टेप लावायची, कीबोर्डची एक पट्टी दाबायची, मान हलवायची, कागदावर काहीतरी लिहायची आणि दुसरी टेप लावायची. मी चहा पीत होतो.

"बाबा," ती म्हणाली, "तुमची लिफ्ट खाली येतेय."

"म्हणजे?"

"हे पहिल्या वर्षीचं. पांढरी सहा." तिने पट्टी दाबून दाखवली. "हे अकरा वर्षांनंतरचं. काळी चार. म्हणजे शेजारचं खालचं घर. मग पांढरी पाच, त्याच्याही खालचं. आणि हे काट्याकाकांबरोबरचं शेवटचं, काळी तीन. सोळा वर्षांत तीन घरं खाली."

मी म्हणालो, टेप जुनी झाली की मंद फिरते. तिने मला टेप मंद फिरली तर ड्रमही मंद वाजतो हे समजावून सांगितले, आणि मेहुण्याचा ड्रम कोणत्याही टेपवर मंद नव्हता. मी दुसरा चहा मागितला.

मला कोणतेही वाद्य येत नाही. गिटारने पहिला सूर दिला की मी तो पकडायचो आणि तिथून चढायचो. तो सूर कोणत्या घरातला, हे मी कधी विचारले नाही. जिन्याची खालची पायरी कोणी जमिनीत पुरत नेली तर वर चढणाऱ्याला काय कळणार? मी मामांना फोन केला. मामा म्हणाले, "अरे, ते होय. ते आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं."

सगळ्यांनाच म्हणजे बेसवाल्याला, कारण त्यालाही आपल्या तारा उतरवाव्या लागत. मेहुण्याला. आणि मेहुणा आपल्या बहिणीपासून काही लपवत नसल्यामुळे माझ्या पत्नीलाही. मी तिला विचारले, तेव्हा ती इस्त्रीच करत होती. "तू गाताना तुझे कान बंद असतात," ती म्हणाली, "आणि न गाताना तोंड उघडं. सांगायचं कधी?"

कलम ९. लाल गिटार, काळ्या पेटीसह, काट्याला द्यावी.

काट्या हे त्याचे नाव नाही. तो घड्याळजीचा मुलगा, अंगाने घड्याळाच्या काट्यासारखा आणि वेळेलाही तसाच. दिवसा वडिलांच्या दुकानात भिंग लावून घड्याळे उघडायचा, संध्याकाळी गिटार. दिवसभरात वीस वाक्ये बोलायचा. त्यातली पाच गिऱ्हाइकांशी. लाल गिटार मी त्याला आमच्या पहिल्या रेकॉर्डनंतर घेऊन दिली होती.

अकरा वर्षांपूर्वी एका भरलेल्या हॉलमध्ये, दोन गाण्यांच्या मध्ये, मी माइकवर म्हणालो, "मंडळी, आमच्या गिटारला झोप लागलीय. कोणीतरी उठवा हो तिला." लोक हसले. खरे म्हणजे मला काही दिवसांपासून बँडचा आवाज जड वाटत होता, धार गेल्यासारखा. तारा सैल केल्या की तसे होते, हे आज मला ठाऊक आहे. तेव्हा वाटले, काट्याचा हात म्हातारा झाला. कार्यक्रमानंतर मेकअपच्या खोलीत मी त्याला सर्वांसमोर सांगितले, "तू बेसूर झालायस. तुझ्यामुळे माझं गाणं मरतंय. उद्यापासून येऊ नकोस."

मेहुण्याने तोंड उघडले. काट्याने त्याच्याकडे नुसते पाहिले आणि मेहुण्याने ते मिटले. मग काट्या मला म्हणाला, "ठीक आहे." त्याने आपली केबल नीट गुंडाळली, गिटार पेटीत ठेवली, पेटी माझ्या खुर्चीला टेकवली आणि गेला. एका शब्दात तो मला त्या हॉलमध्ये उघडा पाडू शकत होता. त्याने तो शब्द वापरला नाही.

नव्या गिटारवाल्याला कोणी काही सांगितले नव्हते. त्याने रेकॉर्ड ऐकली आणि रेकॉर्डवर होते तसे पांढरी सहामध्ये वाजवले. तिसऱ्या कार्यक्रमात सातव्या मजल्यावर माझा आवाज फाटला. मी हॉलला दोष दिला, मग माइकला (पोचा तेव्हाचा), मग हवेला, मग नव्या गिटारवाल्याला. वर्षभरात बँड बंद झाला. नाचता येईना अंगण वाकडे, हे मी शाळेत दहा वेळा लिहून काढले होते.

मेमध्ये मामांशी बोलणे झाल्यावर मी पलंगाखालून ती पेटी काढली. अकरा वर्षांत उघडली नव्हती. झाकणाच्या आतून एक कागद चिकटवलेला होता, काट्याच्या बारीक अक्षरातला, घड्याळाच्या पावतीच्या पाठीवर लिहिलेला. वर "लिफ्ट" आणि खाली एकाखाली एक, वर्षासह: पांढरी सहा, काळी चार, पांढरी पाच, काळी तीन. वरच्या तिन्हींवर काट मारलेली. शेवटची ओळ अशी होती: "पुढच्या वर्षीपासून पांढरी चार. त्याला कळू देऊ नये."

तो कागद वाचून मी रडलो. मृत्युपत्रात हे लिहायची गरज नाही, पण खोटेही लिहायचे नाही.

या कलमाचा दुसरा भाग मी असा लिहिला होता: "तसेच माझी माफी काट्याला द्यावी." वकीलबाईंनी त्यावर लाल रेघ मारली. त्या माझ्या मुलीच्या वर्गातल्या, मला काका म्हणतात.

"काका, माफी ही मालमत्ता नाही. ती मृत्युपत्रातून देता येत नाही."

"मग कशातून देतात?"

"तोंडातून. आणि तुमच्याकडे गुरुवारपर्यंत ते आहे."

कलम १०. (सोमवार) वरील सल्ल्यानुसार मी आज काट्याच्या दुकानात फोन केला. त्याने उचलला. "हॅलो, घड्याळ दुरुस्ती." मी म्हणालो, "सेल बदलून मिळेल का?" हा आवाज त्याने तीस वर्षे रोज ऐकला आहे आणि आता तो कितीही बसला असला तरी त्याला ओळखू न येण्यासारखा नाही. तो म्हणाला, "मिळेल. उद्या या." मी फोन ठेवला. पत्नी दारात उभी होती. "सेल?" ती म्हणाली, आणि परत आत गेली. या कलमाने कोणालाही काही मिळत नाही.

कलम ११. (मंगळवार) आज सकाळी मी मनगटावरचे घड्याळ घेऊन त्याच्या दुकानात गेलो. दुकान एका दाराएवढे रुंद आहे. भिंतीवर पंधरा-वीस घड्याळे, प्रत्येकाची वेळ वेगळी. काट्याचे केस पांढरे झाले आहेत. एक बाई गजराचे घड्याळ घेऊन माझ्या आधी उभ्या होत्या. काट्याने हात पुढे केला, मी घड्याळ दिले, त्याने भिंग लावून मागचे झाकण उघडले.

"सेल चांगला आहे."

"माहीत आहे."

"मग कशाला आलास?"

मी दोन दिवस जे घोकले होते ते सगळे विसरलो. शेवटी म्हणालो, "काट्या, माझी चूक झाली. बेसूर मी होतो."

गजरवाल्या बाईंनी आपले घड्याळ छातीशी धरले. काट्याने झाकण परत बसवले, ते अंगठ्याने दाबले, घड्याळ कानाशी नेऊन ऐकले आणि मगच बोलला.

"बेसूर तू कधीच नव्हतास. तुझी इमारत फक्त उंच होती."

"सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू गायला असतास?"

मी खिशातून कलम नऊ काढून त्याला वाचायला दिले. त्याने ते भिंग न काढता वाचले.

"हे मला नको," तो म्हणाला.

"का?"

"ते मिळायचं तर तू मरायला हवास. मला नाही परवडत."

"वकीलबाई म्हणतात, तशी पद्धतच आहे."

"साक्षीदार कोण आहेत?"

"एक मामा. मायक्रोफोन मिळणार म्हटल्यावर ते बाद झाले. साक्षीदाराच्या नावे काही ठेवलं तर ते रद्द होतं म्हणे. आता तळमजल्यावरचे औषधवाले आहेत. दुसरा शोधतोय."

"मी करतो सही."

"अरे, मग तुला काहीच मिळणार नाही."

"तेच म्हणतोय मी," काट्या म्हणाला, आणि बाईंकडे वळून विचारले, "बोला, काय झालंय याला?" बाई म्हणाल्या, "माझं राहू द्या हो, तुमचं आधी होऊ द्या." पण आमचे झाले होते.

कलम १२. (बुधवार) काट्याला चारची वेळ दिली होती. तो चारला दहा मिनिटे असताना आला. तीन जिने चढून त्याला धाप लागली होती. पत्नीने पाणी दिले. औषधवाले, वकीलबाई आणि मुलगी टेबलाभोवती बसलेले होते. मी पेन पुढे केले. त्याने ते घेतले नाही.

"आधी पेटी आण," तो म्हणाला.

तारा गंजल्या होत्या. त्याने खिशातून नव्या तारांची पुडी काढली, म्हणजे नुसती सही करायला तो आला नव्हता. अर्धा तास तो एकेक तार बदलत बसला. वकीलबाईंनी दोनदा घड्याळ पाहिले आणि मग पाहणे सोडून दिले. मुलीने कोरी टेप लावून रेकॉर्डिंग सुरू केले.

"मी तीन मजले चढून आलोय," काट्या म्हणाला. "पुढचे चार तू चढ."

"डॉक्टरांनी बोलायलासुद्धा कमी सांगितलंय."

"उद्यानंतर काय वाचवून ठेवणार आहेस?"

त्याने सूर दिला. आयुष्यात पहिल्यांदा मी गाण्याआधी विचारले, "ही कोणती पट्टी?"

"पांढरी चार."

म्हणजे त्या कागदावरची शेवटची ओळ, काळी तीनच्या एक घर खाली. पुढच्या वर्षीची, जे वर्ष मी येऊ दिले नव्हते. मी पहिला मजला गुणगुणून पाहिला. घसा वाळूच्या पोत्यासारखा होता. मला कळले की तिथून मी सातव्याला पोहोचणार नाही. पूर्वी कधी हे मला आधी कळले नव्हते, कारण कळायची गरजच कोणी ठेवली नव्हती. मी पत्नीकडे पाहिले. ती इस्त्री सोडून आली होती.

मी म्हणालो, "काट्या, अजून एक घर खाली घे."

त्याने मान खाली घातली आणि सहाही तारा उतरवल्या. त्याला जरा वेळ लागला, कारण त्याला नीट दिसत नव्हते.

मी गायलो. सहाव्या मजल्याला औषधवाले उभे राहिले. सातव्याला मी पोहोचलो की नाही हे मृत्युपत्रात नमूद करण्याचे कारण नाही, असे वकीलबाई डोळे पुसत म्हणाल्या. पोहोचलो. टेप मुलीकडे आहे आणि ती कलम ८ मधील खोक्यांत धरावी.

त्यानंतर काट्याने पेटीच्या झाकणातल्या कागदावर "पांढरी चार" आणि "त्याला कळू देऊ नये" या दोन्हींवर काट मारली आणि खाली लिहिले: "पांढरी तीन. त्याने स्वतः सांगितलं." मग सहीसाठी पेन मागितले.

गिटार तो आजच घरी घेऊन जात आहे. वकीलबाईंच्या मते हयातीत हातोहात दिलेली वस्तू मृत्युपत्रात येत नाही, आणि कलम ९ काट्याच्या सहीमुळे तसेही बाद होते. ते खोडू नये. बाद झालेले आहे तसेच राहू द्यावे, म्हणजे पुढे कोणी वाचले तर काय होते ते कळेल.

हे सर्व मी शुद्धीवर असताना, राजीखुशीने लिहिले, वाचून पाहिले, आणि शेवटचे कलम मोठ्याने वाचूनही दाखवले. माझ्या आवाजात.

स्थळ: तिसरा मजला, जेवणाचे टेबल.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा बुधवार, संध्याकाळचे पावणेसहा.

मृत्युपत्र करणार: (सही) भोंगा

आम्ही दोघांनी वरील गृहस्थांना आमच्यादेखत सही करताना पाहिले. यात आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: (सही) औषधांचे दुकान, तळमजला. "गाणेही ऐकले."

साक्षीदार २: (सही) काट्या, घड्याळ दुरुस्ती. "सोमवारी सेल बदलायला येणे."